खंडेनवमीची साफसफाई आणि ड्राइव्हचे पॅनेल

खंडेनवमी जवळ आली की बेळगावात उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये साफसफाई सुरू होते. लेथ पुसले जातात, मोटारींवरची धूळ झाडली जाते आणि एरवी कुणी हात न लावणारी पॅनेलेही उघडली जातात. आपल्या मंडळातील अनेक कुटुंबे याच कारखान्यांवर अवलंबून आहेत. गेल्या वर्षी आपल्या एका तरुण सभासदाला असेच पॅनेल पुसताना जोराचा शॉक बसला. मेन स्विच त्याने स्वतः बंद केला होता. सुदैवाने तो सुखरूप आहे. पण "स्विच बंद होता, मग शॉक बसला कसा?" या त्याच्या आईच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

मोटारीचा वेग कमी-जास्त करण्यासाठी आता ड्राइव्ह, म्हणजेच व्हीएफडी, बसवतात. तो 415 व्होल्टचा थ्री-फेज एसी पुरवठा आधी डीसीमध्ये बदलतो. हा डीसी सुमारे 585 व्होल्टचा असतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतो. त्यातून हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा एसी तयार होऊन मोटारीला मिळतो. मेन स्विच पाडल्यावरही कपॅसिटरमधला हा साठा उतरायला काही मिनिटे लागतात. त्या मुलाला शॉक बसला तो याच साठ्याचा.

म्हणून पॅनेल उघडण्यापूर्वी एवढे पाळावे:

1. नुसते स्टॉप बटण दाबून भागत नाही. मोटार थांबते, पण ड्राइव्हमध्ये वीज असतेच. आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप लावावे, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवावी आणि किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी.

2. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबावे. बहुतेक ड्राइव्हवर तो 5 ते 15 मिनिटे असतो.

3. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे समजू नये. योग्य रेटिंगच्या मीटरने डीसीचे प्लस व मायनस टर्मिनल तपासावे. मीटर चालू आहे ना, हे आधी आणि नंतर चालू पुरवठ्यावर पाहून घ्यावे.

4. कंट्रोलची 230 व्होल्टची वायर दुसरीकडून आलेली असू शकते. तीही बंद करावी.

नवा ड्राइव्ह बसवताना मेन पुरवठा चुकूनही यू, व्ही, डब्ल्यू या टर्मिनलना जोडू नये. ती मोटारीची आहेत. मोटारीला मेगर लावायचा असेल तर ड्राइव्हच्या वायरी आधी सोडवाव्यात, नाहीतर ड्राइव्ह जळतो. अर्थिंगमध्ये काटकसर नको. ड्राइव्हमधून अर्थकडे थोडा करंट नेहमीच वाहतो. ती वायर सैल झाली तर पॅनेलच्या पत्र्यालाही शॉक लागू शकतो. वीज गेल्यावर परत येताच आपोआप सुरू होण्याची सोय असेल, तर मशीनजवळ तशी ठळक सूचना हवी.

ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. मालक सभासदांना आमची विनंती आहे की पूजेच्या घाईत कुणालाही पॅनेल पुसायला सांगू नका. घरच्यांनीही एकदा विचारावे, "कुलूप लावतोस ना?"

सर्व सभासदांना खंडेनवमी व विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा!