हिरडीचे रक्त : न दुखणारी तक्रार

दात ठणकू लागला की माणूस रजा टाकून दंतवैद्याकडे धाव घेतो. दात घासताना रक्त आले, तर मात्र एक चूळ जास्त भरतो आणि कामाला लागतो. जी तक्रार बोलत नाही ती कोणाच्याच दप्तरी नोंदली जात नाही, हे आम्ही कामगार चळवळीत पुष्कळ पाहिले. हिरड्यांच्या रोगाचेही तसेच आहे. आरंभी तो दुखत नाही, म्हणून त्याची दाद लागत नाही.

निरोगी हिरडी दाताला घट्ट बिलगलेली असते. पुष्कळांची हिरडी जन्मतःच सावळी असते. तो रोग नव्हे. दाताच्या मुळाशी रोज जंतूंचा चिकट थर साचतो. तो काढला नाही, तर लाळेतील क्षारांनी त्याचे टणक किटण बनते. मग हिरडी फुगते, लाल होते व ब्रश लागताच रक्त येते. ही पहिली पायरी. आतले हाड अजून शाबूत असते, म्हणून येथून पूर्ण माघार घेता येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, खाच पडते, हाड झिजते, दात लांब दिसू लागतो आणि हलतो. यालाच लोक पायरिया म्हणतात. उपचाराने तो थोपवता येतो. पण गेलेले हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही.

हे अनुमान नव्हे. १९६५ साली हॅराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करावयास लावले. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच आठवडाभरात त्या बऱ्या झाल्या. लोए यांनी इतर सहकाऱ्यांसह १९७० ते १९८५ या काळात श्रीलंकेतील ४८० चहामळे-कामगारांचे दात तपासले. या लोकांना ना ब्रश ठाऊक, ना दंतवैद्य. हिरड्यांची सूज सर्वांनाच होती. सुमारे ११ टक्क्यांत रोग तेथेच थांबला, ८१ टक्क्यांत तो बेताने वाढला आणि ८ टक्क्यांत झपाट्याने. आपण यांपैकी कोणत्या गटात आहोत, हे आरशात पाहून कळत नाही. म्हणून सूज दिसताच जागे व्हावे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी अधिक सावध असावे. धुराने हिरडीचे रक्त कमी येते, पण आत झीज चालूच राहते. मिशरीने हिरड्या घट्ट होतात ही समजूतही खोटी. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

मग करावे काय? मऊ ब्रशाने दिवसातून दोनदा, दोन मिनिटे, दात व हिरडी जुळतात त्या रेषेवर हलक्या हाताने घासावे. दातांच्या फटीही साफ कराव्यात. रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. तेथेच सफाईची गरज असते. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, किंवा पू, दुर्गंधी अथवा हलणारा दात आढळला, तर दंतवैद्याकडे जावे. किटण घरी निघत नाही. ते काढल्याने दात खिळखिळे होतात, ही भीती व्यर्थ आहे; झिजलेल्या हाडामुळे दात आधीच सैल झालेला असतो, किटण गेल्यावर ते जाणवते एवढेच. मधुमेही व गरोदर स्त्रियांनी तपासणी लांबवू नये. अंगावर निळे डाग किंवा इतरत्रही रक्तस्राव असेल, तर वैद्यकीय डॉक्टरांना दाखवावे.

खर्चाचा प्रश्न आम्ही जाणतो. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ साली झाला. ज्यांच्या पगारातून त्याची वर्गणी कापली जाते, त्यांनी विमा दवाखान्यात दातांच्या उपचाराची सोय कोठे आहे, हे हक्काने विचारावे. किटण काढण्यास थोडा वेळ लागतो. दात गेल्यावर भाकरी चावण्याची अडचण जन्मभर राहते. तक्रार लहान असते तेव्हाच ती मिटवावी. दातांनी संप पुकारेपर्यंत वाट पाहू नये.