काळी वाळू, पोटॅश आणि गायगर गणकयंत्र
(इयत्ता सहावी ते आठवीस विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

'किरणोत्सर्ग' हा शब्द वृत्तपत्रांतून आता वाडीवस्तीपर्यंत पोचला आहे. त्याचा अर्थ मात्र त्याच्याबरोबर पोचलेला नाही. घारापुरी बेटावरून पलीकडे पाहिले असता ट्रॉम्बेची टेकडी दिसते. तिच्या पायथ्याशी 4 ऑगस्ट 1956 रोजी 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून ही टेकडी दिसते, त्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी या विषयासंबंधी प्रश्न विचारावेत, यात नवल नाही. शाळाभेटींच्या वेळी एक प्रश्न मला अनेकदा ऐकावयास मिळतो: 'गुरुजी, आपल्या समुद्राची काळी वाळू किरणोत्सारी असते काय?' या प्रश्नाचे उत्तर केवळ 'होय' किंवा 'नाही' असे देऊन भागणार नाही. ते उत्तर कसे काढावयाचे, हे विद्यार्थ्यांस दाखविणे हेच खरे विज्ञानशिक्षण होय. त्या दृष्टीने काही उपयुक्त माहिती व प्रयोग पुढे दिले आहेत.

1. किरणोत्सारी खनिजे

काही मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात. ते आपोआप फुटतात आणि फुटताना अदृश्य किरण बाहेर टाकतात. उष्णता, थंडी, आम्ल यांपैकी कशानेही ही क्रिया थांबत नाही. 1896 साली बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रण-काचेवर युरेनियमचे क्षार ठेवले, तेव्हा सूर्यप्रकाश नसतानाही काच काळवंडली. पुढे मेरी क्यूरी यांनी अनेक खनिजांचे नमुने मोजून पाहिले. पिचब्लेंड या खनिजात युरेनियम जेवढे होते, त्या मानाने किरणोत्सर्ग फार अधिक आढळला. या विसंगतीचा माग काढतच 1898 साली पोलोनियम व रेडियम ही दोन नवी मूलद्रव्ये उजेडात आली. हा शोध काळजीपूर्वक केलेल्या मोजणीतून लागला, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे.

निसर्गात आढळणारी प्रमुख किरणोत्सारी मूलद्रव्ये म्हणजे युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचा एक अल्प भाग. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे अर्धायुष्य सुमारे 447 कोटी वर्षे, तर थोरियमचे सुमारे 1,405 कोटी वर्षे आहे. अर्धायुष्य म्हणजे दिलेल्या अणूंपैकी निम्मे अणू फुटण्यास लागणारा काळ. तो इतका दीर्घ असल्यामुळेच पृथ्वीच्या जन्मापासून ही मूलद्रव्ये खडकांत टिकून आहेत.

2. आपली काळी वाळू व केरळची वाळू

भारताच्या किनाऱ्यावर किरणोत्सारी वाळू आहे, ही गोष्ट खरी आहे. केरळातील चवरा व तमिळनाडूतील मनवलकुरिची येथील वाळूत मोनाझाइट नावाचे मधासारखे पिवळसर-तपकिरी खनिज सापडते. त्यात सुमारे 8 ते 10 टक्के थोरियम ऑक्साइड असते. या वाळूच्या शोधाची कथा कोकणातील मुलांना विशेष आवडेल. त्रावणकोरहून परदेशी गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत 1909 साली शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास मोनाझाइट आढळले. त्या काळी गॅसबत्तीच्या जाळीसाठी थोरियमला मोठी मागणी होती.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. अलिबाग, नागाव, रेवदंडा, श्रीवर्धन येथील वाळूत काळसर कण दिसतात, आणि लाटांनी हलकी वाळू वाहून नेली की त्यांचे पट्टे उठून दिसतात. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून वाहत येतात. हा बेसॉल्ट खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. त्यात लोह व टायटॅनियम यांची मॅग्नेटाइट व इल्मेनाइट ही जड, काळी खनिजे असतात. युरेनियम व थोरियम मात्र ग्रॅनाइटच्या मानाने फारच थोडे असते. केरळच्या नद्या ज्या जुन्या, ग्रॅनाइटसदृश खडकांतून मोनाझाइट वाहून आणतात, तसे खडक आपल्या नद्यांच्या वाटेत नाहीत.

तात्पर्य, काळा रंग ही किरणोत्सर्गाची खूण नव्हे. आपल्या वाळूतील काळेपणा मुख्यतः लोहयुक्त खनिजांचा आहे, आणि ते सिद्ध करण्यास एक लोहचुंबक पुरेसा आहे. सुकलेली वाळू कागदावर पसरून, कागदात गुंडाळलेला चुंबक तिच्यावरून फिरवावा. मॅग्नेटाइटचे कण त्यास चटकन चिकटतात. मोनाझाइटचे कण साध्या चुंबकाने उचलले जात नाहीत. उरलेल्या वाळूवर लिंबाचा रस टाकल्यास शिंपल्यांचे कण फसफसतात. एवढ्या तासाभरात वाळूचे तीन घटक विद्यार्थ्यांच्या हाती वेगळे होतात.

3. यंत्राची पारख

किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, त्यास वास नाही, चव नाही. त्यासाठी 1928 पासून गायगर-म्यूलर नळीचा उपयोग होत आला आहे. नळीत विरळ वायू भरलेला असून आत एक तार असते. तार व नळी यांमध्ये विजेचा मोठा दाब ठेवतात. किरण आत शिरला की क्षणभर वीज वाहते व यंत्र 'टिक्' असा आवाज करते. हे गायगर काउंटर आपल्या बहुतेक शाळांत नाही. तथापि जवळच्या महाविद्यालयातून ते एखाद्या दिवसापुरते मिळू शकते, आणि अलीकडे छोटी यंत्रेही विक्रीस आली आहेत.

यंत्र हाती आल्यावर पहिला प्रश्न असा विचारावा: हे यंत्र खरे बोलते कशावरून? वाण्याचा तराजू वजने ठेवून तपासतात, तसे हे यंत्र माहीत असलेल्या नमुन्यावर तपासावे लागते. या बाबतीत आपल्याच जिल्ह्याचे एक उदाहरण बोलके आहे. मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजणीत त्यामुळे गडबड होणार हे उघड झाले. म्हणून 1904 साली अलिबागेस नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. परंतु जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने मोजणी चालू ठेवून तुलना केली गेली. नव्या जागेवरील व नव्या यंत्रावरील विश्वास अशा पडताळ्याने मिळवावा लागतो.

दुसरी गोष्ट पार्श्वभूमीची. जवळ कोणताही नमुना नसतानाही यंत्र टिकटिक करीत असते. हे किरण जमिनीतून, भिंतींतून, हवेतील रेडॉन वायूतून व आकाशातून येतात. जगातील माणसास अशा नैसर्गिक किरणोत्सर्गाची मात्रा सरासरीने वर्षाला सुमारे 2.4 मिलिसीव्हर्ट मिळते. तेव्हा यंत्र वाजले म्हणजे धोका आहे, असा अर्थ मुळीच होत नाही. नमुन्याच्या मोजणीतून पार्श्वभूमीची मोजणी वजा केल्यावर जे उरेल, तेवढेच नमुन्याचे.

तिसरी गोष्ट चढउताराची. अणू कोणत्या क्षणी फुटेल हे कोणासही सांगता येत नाही. समजा, दहा मिनिटांत दर मिनिटाचे आकडे असे आले: 17, 24, 19, 22, 15, 20, 26, 18, 21, 16. बेरीज 198. एका मिनिटास 15 व दुसऱ्यास 26 आले म्हणून यंत्र बिघडलेले नाही; असा चढउतार अपेक्षितच आहे. एकूण मोजणीचे वर्गमूळ हा त्या चढउताराचा साधारण अंदाज होय. 198 चे वर्गमूळ सुमारे 14. आता नमुन्याजवळ दहा मिनिटांत 205 आले, तर 7 चा फरक चढउतारातच जिरून जातो. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु 287 आले, तर 89 चा फरक योगायोगाने पडणे अत्यंत कठीण. म्हणून एका मिनिटाच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नये.

4. शाळेत वापरावयाचे नमुने

यंत्र तपासण्यासाठी युरेनियम किंवा मोनाझाइट मिळविण्याच्या खटपटीत शिक्षकांनी पडू नये. ही खनिजे अणुऊर्जाविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली येतात; ती कोणी भेट म्हणून देऊ केली तरीही शाळेने स्वीकारू नयेत. त्यांची गरजही नाही. खालील तीन नमुने गावातच मिळतात.

(अ) पोटॅश खत. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड असून त्यात वजनाने सुमारे निम्मे पोटॅशियम असते. निसर्गातील पोटॅशियमपैकी 0.0117 टक्के भाग किरणोत्सारी असतो. हा अंश दिसावयास क्षुल्लक. तरी एक किलो खतात दर सेकंदास सुमारे 15 ते 16 हजार अणू फुटतात. अर्धा किलो खत जाड पारदर्शक पिशवीत भरून तोंड बंद करावे व यंत्राची नळी पिशवीस लगटून ठेवून दहा मिनिटे मोजावे. नंतर मध्ये एक जाड पुस्तक ठेवून पुन्हा मोजावे. बहुतेक बीटा किरण पुस्तकात अडतात व मोजणी उतरते. नळी हातभर दूर नेल्यास मोजणी पार्श्वभूमीवर येते. पोटॅशियम आपल्या शरीरातही आहे आणि प्रौढ माणसाच्या देहात त्याचे चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदास फुटतात, हे सांगितले की मुलांची भीती कमी होते व कुतूहल वाढते.

(आ) गॅसबत्तीची जाळी. लग्नाच्या वरातीत व रात्रीच्या मासेमारीत वापरल्या जाणाऱ्या बत्तीच्या जाळीत पूर्वी थोरियम असे. काही जाळ्यांत आजही असते, काहींत त्याऐवजी अन्य द्रव्ये वापरतात. न उघडलेले पाकीट यंत्राजवळ धरावे. मोजणी एकदम वाढली तर जाळी थोरियमची. दोन निरनिराळ्या बनावटींची पाकिटे आणून कोणती कशाची हे विद्यार्थ्यांसच ओळखावयास लावावे.

(इ) आपली काळी वाळू. तीही पिशवीत भरून याच रीतीने दहा मिनिटे मोजावी. मोजणी बहुधा पार्श्वभूमीइतकीच येईल. 'काही आढळले नाही' हेही प्रयोगाचे उत्तर असते, आणि पोटॅशवर यंत्र तपासून घेतलेले असल्यामुळे त्या उत्तरास वजन असते. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांनी येथे स्वतःच्या वहीत स्वतः लिहावे.

5. यंत्र नसेल तर

यंत्राविना अर्धायुष्याची कल्पना चिंचोक्यांनी देता येते. पन्नास चिंचोके फोडून त्यांच्या शंभर फाकी घ्याव्यात. त्या फरशीवर टाकाव्यात. पांढरी बाजू वर आलेल्या फाकी 'फुटलेले अणू' समजून बाजूस काढाव्यात. उरलेल्या मोजून पुन्हा टाकाव्यात. प्रत्येक खेपेस उरलेल्यांची संख्या फळ्यावर मांडून आलेख काढावा. कोणती फाक केव्हा पडेल हे सांगता येत नाही, तरी समूहाचा नियम मात्र ठरलेला दिसतो. फाकीचा आकार सारखा नसल्याने नेमक्या निम्म्या फाकी पडतीलच असे नाही. मग नाण्यांवर हाच खेळ करून तुलना करावी.

6. सावधगिरी व गावाचे प्रश्न

जाळीचे पाकीट मुलांच्या हाती खेळावयास देऊ नये, ते फाडू नये. जळलेल्या जाळीची राख श्वासावाटे आत जाणे हानिकारक आहे. प्रयोगानंतर हात धुवावेत. नमुने कुलुपात, खाद्यपदार्थांपासून दूर ठेवावेत व पिशवीवर नाव लिहावे.

या विषयात भय व बेफिकिरी ही दोन्ही टोके टाळावयास हवीत. केरळातील करुणागप्पळ्ळी भागात मोनाझाइटमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक आहे. तेथील रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले, त्यात कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. याच्या उलट, 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-60 असलेले जुने प्रयोगयंत्र मोडले गेले, अनेकांना इजा झाली व एक कामगार दगावला. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाकळ्यांची खूण असलेली वस्तू भंगारात वा किनाऱ्यावर आढळल्यास तिला हात लावू नये, मुलांना दूर न्यावे व पोलिसांस तत्काळ कळवावे, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असले पाहिजे.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. तांदूळ ओढून घेणारे 'राईस पुलर' भांडे किरणोत्सारी असून कोट्यवधींस विकले जाते, अशी थाप मारून लोकांस लुबाडल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. ठकसेन विचित्र पोशाख करून, हाती वाजणारे यंत्र घेऊन येतात. किरणोत्सर्गाने तांदळाचा दाणा तसूभरही हलत नाही. ज्या मुलाने पोटॅशची पिशवी मोजली आहे, तो घरी वडिलांना एवढेच विचारील: 'यंत्र वाजले खरे; पण पार्श्वभूमी किती होती, आणि यंत्र तपासले कशावर?' या दोन प्रश्नांपुढे ठकसेनाचा टिकाव लागणार नाही, आणि एखाद्या कुटुंबाची शेतजमीन वा बोट गहाण पडण्यापासून वाचेल.

गावात शंका उत्पन्न झाली की लोक शाळेकडे पाहतात. म्हणून केंद्रातील शिक्षकांनी मिळून वर्षातून एक दिवस या प्रयोगांसाठी राखून ठेवावा. चुंबक व चिंचोके तर प्रत्येक शाळेत आजच जमविता येतील. मोजणीचे तक्ते विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात लिहवून शाळेत लावावेत, म्हणजे ते पालकांच्याही दृष्टीस पडतील.