चेलो सोनाटा क्रमांक २ (ब्राम्स) : कसाल्स–होर्शोव्स्की ध्वनिमुद्रण

जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स यांच्या चेलो व पियानोसाठीच्या दुसऱ्या सोनाटाचे (एफ मेजर, ओपस ९९) चेलोवादक पाब्लो कसाल्स व पियानोवादक मिएचिस्लाव होर्शोव्स्की यांनी १९३६ साली केलेले ध्वनिमुद्रण हे स्वच्छंदतावादी कक्षसंगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांपैकी एक प्रसिद्ध ध्वनिमुद्रण आहे. ते मूळात हिज मास्टर्स व्हॉइससाठी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर करण्यात आले. पुढे त्याच्या पुनर्संस्कारित आवृत्त्या दीर्घवादन तबकडी, कॉम्पॅक्ट डिस्क आणि डिजिटल स्वरूपात प्रसिद्ध झाल्या.

रचना

ब्राम्स यांनी ही सोनाटा १८८६ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधील थून सरोवराकाठी लिहिली. त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी व्हिएन्ना येथे चेलोवादक रॉबर्ट हाउसमान आणि स्वतः ब्राम्स यांनी तिचे पहिले जाहीर वादन केले. सोनाटाचे चार भाग आहेत. पहिल्या भागाच्या आरंभी पियानोवर स्वरांचे जलद कंपन सुरू असते आणि त्यावर चेलो तुटक, झेप घेणारे स्वरसमूह वाजवतो. दुसरा संथ भाग एफ शार्प मेजर या अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत आहे. त्याच्या सुरुवातीला चेलोवादक गज न वापरता बोटाने तारा छेडतो. तिसरा भाग एफ मायनरमध्ये असून चौथा पुन्हा मूळ पट्टीत येतो.

वादक

कसाल्स यांचा जन्म १८७६ मध्ये कॅटलोनियातील एल वेंड्रेल येथे झाला. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ते साठीच्या उंबरठ्यावर होते. त्याच वर्षी जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले होते. नोव्हेंबरमध्ये त्यांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बाखच्या एकल चेलो स्वीट्सपैकी दुसरा व तिसरा स्वीट ध्वनिमुद्रित केला. फ्रँकोच्या विजयानंतर ते फ्रान्समधील प्राद येथे निर्वासित म्हणून राहिले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे त्यांनी निषेध म्हणून जाहीर वादन थांबवले. त्यामुळे तीसच्या दशकातील त्यांचे वादन जाणून घेण्यासाठी या तबकड्या हाच मुख्य आधार ठरतो. १८९२ मध्ये ल्विव्ह येथे जन्मलेले होर्शोव्स्की हे व्हिएन्नातील शिक्षक थिओडोर लेशेटिझ्की यांचे शिष्य व कसाल्स यांचे दीर्घकालीन सहवादक होते. १९६१ मध्ये व्हाइट हाउसमधील प्रसिद्ध मैफलीतही दोघांनी एकत्र वादन केले.

मूळ ध्वनिमुद्रण

१९२५ पासून मायक्रोफोनच्या साहाय्याने विद्युत ध्वनिमुद्रण रूढ झाले होते. तथापि चुंबकीय फितीचा सर्वत्र वापर महायुद्धानंतरच सुरू झाला. १९३६ मध्ये ध्वनी थेट मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. मधला चुकीचा अंश काढून दुसरा जोडण्याची सोय नव्हती, त्यामुळे चूक झाल्यास ती संपूर्ण बाजू पुन्हा वाजवावी लागे. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेचार मिनिटांचे संगीत मावत असल्याने मोठे भाग मध्येच तोडून पुढील बाजूवर न्यावे लागत.

पुनर्संस्करणाची प्रक्रिया

पहिली पायरी उत्तम मूळ प्रत मिळवण्याची असते. लाखेच्या तबकडीत खनिज भुकटी मिसळलेली असल्याने सतत खरखर ऐकू येते आणि पोलादी सुयांमुळे तिच्या खाचा झिजतात. मूळ धातूच्या साच्यांवरून पुढे विनाइलवर काढलेल्या प्रती अधिक शांत असतात. खाचेच्या रुंदीनुसार सुई निवडली जाते. अशा तबकड्यांची सुई दीर्घवादन तबकडीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते.

त्यानंतर वेग निश्चित केला जातो. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला तर संगीत अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जाते. ७८ ऐवजी सुमारे ८३ फेऱ्यांनी तबकडी फिरवल्यास या सोनाटाचा पहिला भाग दुसऱ्या भागाच्या पट्टीत ऐकू येईल. पियानोची पट्टी वादनादरम्यान बदलत नसल्याने वेग तपासण्यास तिचा आधार घेता येतो. मग बाजूंचे सांधे लयीत खंड न पडता जोडले जातात व तडतड काढली जाते.

मर्यादा आणि मतभेद

गोंगाट कमी करताना संगीताचा किती अंश गमावायचा, हा पुनर्संस्करणातील मूळ प्रश्न आहे. संगणकीय प्रणाली खरखरीचा नमुना घेऊन तो संपूर्ण ध्वनीतून वजा करते. परंतु गजाचे तारेवरील घर्षण, वरचे उपस्वर आणि दालनाचा निनाद यांचाही काही भाग त्याच कंप्रतांच्या पट्ट्यात येतो. वजाबाकी अति झाल्यास चेलोचा आवाज निर्जीव आणि पियानोचा आवाज धातूसारखा भासतो. दुसऱ्या भागातील छेडलेल्या स्वरांचा आघात क्षणिक असल्याने तडतड काढणारी प्रणाली तो दोष समजून बोथट करू शकते, तर त्या स्वरांचे विरत जाणारे शेपूट खरखरीसोबत पुसले जाण्याचा धोका असतो. म्हणून काही अभियंते थोडी खरखर हेतुपुरस्सर राहू देतात, तर काही जण नव्या श्रोत्यांच्या सोयीसाठी अधिक स्वच्छ ध्वनी पसंत करतात. एकाच वादनाच्या दोन आवृत्त्या त्यामुळे वेगळ्या वाटतात.

युरोपात ध्वनिमुद्रणांचे कायदेशीर संरक्षण दीर्घकाळ ५० वर्षांचे होते. त्यामुळे या काळातील ध्वनिमुद्रणांच्या स्वतंत्र आवृत्त्या अनेक कंपन्यांना काढता आल्या. अमेरिकेत मात्र २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ ते १९४६ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचे संरक्षण आहे.

महत्त्व

हाउसमान यांचे वादन ध्वनिमुद्रणाद्वारे ऐकता येत नाही. रचनेनंतर ५० वर्षांनी झालेले हे ध्वनिमुद्रण मात्र ब्राम्स यांच्या हयातीत जन्मलेल्या दोन वादकांचे आहे. लय लवचीक ठेवण्याची आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची त्या पिढीची पद्धत अभ्यासण्यासाठी ते उपयुक्त साधन आहे. अभ्यासकाने शक्य असल्यास एकापेक्षा अधिक आवृत्त्या तुलनेने ऐकणे इष्ट ठरते, कारण ऐकू येणाऱ्या ध्वनीतील वादकांचा वाटा आणि अभियंत्याचा वाटा त्यामुळेच वेगळा ओळखता येतो.