जोखमीचा आकडा म्हणजे निकाल नव्हे

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले की घरात दोनपैकी एक वाक्य ऐकू येते. ‘गाठ काढली, आता सुटलो,’ हे एक. ‘जोखीम जास्त आहे म्हणतात, मग पैसे घालून काय उपयोग?’ हे दुसरे. दोन्ही वाक्ये बाईच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून ही जोखीम कशी मोजतात, ते आपण समजून घेतले पाहिजे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी १९८२ साली एक सोपी बेरीज मांडली. गाठ जितके सेंटिमीटर, त्याला ०.२ ने गुणायचे. त्यात काखेतील ग्रंथींचा अंक मिळवायचा. एकाही ग्रंथीत रोग नसेल तर १, एक ते तीन ग्रंथींत असेल तर २, चार किंवा अधिक ग्रंथींत असेल तर ३. शेवटी ग्रेडचा अंक, १ ते ३. पेशी जितक्या बिघडलेल्या, तितका ग्रेड वरचा. बेरीज ३.४ पर्यंत आली तर जोखीम कमी, ५.४ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे जास्त.

समजा, दोन भगिनींची गाठ सारखीच, २ सेंटिमीटरची आहे. पहिलीच्या ग्रंथी स्वच्छ, ग्रेड २. बेरीज ०.४ + १ + २ = ३.४. दुसरीच्या पाच ग्रंथींत रोग, ग्रेड ३. बेरीज ०.४ + ३ + ३ = ६.४. गाठ तेवढीच, पण गट वेगळा! म्हणून ‘गाठ सुपारीएवढीच होती’ यावरून अंदाज बांधू नये. शिवाय आता ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या पाहून कोणते औषध लागू पडेल तेही ठरवतात.

हा आकडा गटाचा असतो, एका बाईचा नव्हे. आणि गटाचे भवितव्यही बदलते. नॉटिंगहॅममध्येच १९८० ते १९८६ मधील रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के स्त्रिया दहा वर्षांनंतर या रोगातून वाचलेल्या होत्या; १९९० ते १९९९ मधील रुग्णांत हे प्रमाण सुमारे ७७ टक्के झाले. जोखीम जास्त म्हणजे उपचार सोडा असे नव्हे, उपचार नेटाने पुरे करा असा त्याचा अर्थ. आणि जोखीम कमी असली तरी डॉक्टरांनी पाच वर्षे सांगितलेली गोळी सहा महिन्यांत बंद करू नये.

तेव्हा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा : किती ग्रंथी तपासल्या, किती ग्रंथींत रोग निघाला, ग्रेड कोणता, ईआर-हर-टूचे काय आले? खर्चाची अडचण असेल तर रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. आणि हे सारे त्या बाईपासून लपवू नका. शरीर तिचे आहे, हिशोबही तिलाच आधी कळला पाहिजे.