पाठकोऱ्या कागदावरची चित्रकला

साठी उलटली की दुकानाच्या चाव्या मुलाच्या हाती जातात आणि दुपार मोकळी होते. आपल्या व्यापारी घरांतील अनेक ज्येष्ठांची ही दुपार पेढीवर नुसते बसण्यात किंवा मोबाईलवर अंगठा फिरवण्यात सरते. त्यांना चित्रकला शिकण्याचे सुचवले तर उत्तर ठरलेले असते : ‘आमच्या हातात ती कला नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. आरंभीच्या चित्रकलेत हातापेक्षा डोळ्याचे काम अधिक असते, आणि डोळा तर व्यवसायाने आधीच तयार केलेला असतो.

बँकेत असताना धनादेशावरील सही नमुना सहीशी ताडून पाहणे हे माझे नित्याचे काम होते. ते करताना नाव वाचायचे नसते. वळण किती गोल, लेखणी कोठे उचलली, दोन अक्षरांमधली जागा केवढी, एवढेच पाहायचे. शंका आली की मी दोन्ही कागद उलटे धरीत असे. अक्षरे नाहीशी होत आणि नुसत्या रेषा उरत. निवृत्तीनंतर चित्रकलेकडे वळलो, तेव्हा बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेने १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नवशिक्यांना हाच अभ्यास दिलेला आढळला. पिकासोने काढलेले संगीतकार स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवून तसेच उलटे उतरवायचे. मग नाक, डोळा, बोटे ही नावे मनातून जातात आणि रेषा दिसू लागते. वर्तमानपत्रातील कोणतेही साधे रेखाचित्र घेऊन हा प्रयोग आज संध्याकाळीही करता येईल. कापडाच्या दोन छटांमधला फरक क्षणात ओळखणाऱ्या माणसाला असे पाहणे जड जाऊ नये.

पुढचा प्रश्न शिक्षकाचा. इंटरनेटवर विनामूल्य धडे इतके आहेत की, त्यातच दिवस बुडतो. धडे पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. दुसऱ्याची वही चाळून आपली शिल्लक वाढत नाही. म्हणून दोनच साधने निवडावीत आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवावी.

पहिले साधन जुने आहे. जॉन रस्किन यांचे ‘द एलेमेंट्स ऑफ ड्रॉइंग’ हे पुस्तक १८५७ साली निघाले, मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली तेच हे वर्ष. लेखकाच्या निधनाला शंभरावर वर्षे लोटल्याने त्यावर आता कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते मोफत वाचता येते. (हक्क शाबूत असलेल्या पुस्तकांच्या चोरट्या प्रती मोबाईलवर फिरतात, त्यांना मी विनामूल्य म्हणणार नाही. अचौर्यव्रत मानणाऱ्या घरांत हे अधिक सांगायला नको.) रस्किन पहिल्याच धड्यात एक चौकोन बारीक रेघांनी एकसारखा भरायला लावतात. पुढे रस्त्यावरचा गोलसर दगड उचलून आणायला सांगतात, फार पांढरा नको, फार काळाही नको, आणि तो कडेच्या रेघेने नव्हे तर छायेच्या उतारचढावाने काढायला लावतात. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे. घरातील नातवंडाला सोबत बसवावे, दोघांचेही काम होते.

दुसरे साधन आजचे, ‘ड्रॉअबॉक्स’ नावाचा विनामूल्य अभ्यासक्रम. यात खोडरबराला जागा नाही. सराव शाईच्या पेनाने करायचा. रेघ ओढण्यापूर्वी हात हवेतच त्या मार्गावरून दोनचार वेळा फिरवायचा आणि मग न थबकता ओढायची, तीही मनगटाने नव्हे, खांद्यापासून. त्यातला २५० खोक्यांचा सराव तर व्यापाऱ्यांसाठीच योजल्यासारखा वाटतो! प्रत्येक खोके काढून झाल्यावर त्याच्या कडा वेगळ्या रंगाने पुढे वाढवायच्या. एका दिशेच्या कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात की नाही, हे लगेच उघड होते. ताळेबंद तपासण्याची सवय असलेल्यांना हा भाग आवडेल. शिवाय निम्मा वेळ केवळ आनंदासाठी काढायचा, हा नियमही त्यातच आहे आणि तो कसोशीने पाळावा.

आनंदासाठी काय काढावे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडील स्वामित्वमुक्त कलाकृतींची छायाचित्रे सर्वांना वापरायला खुली केली आहेत. त्यांत कल्पसूत्राच्या हस्तलिखितांची पाने आहेत. पश्चिम भारतीय शैलीतील ही चित्रे रेषेवर उभी आहेत. चेहरा बाजूने दिसतो, तरी पलीकडचा डोळा चेहऱ्याच्या कडेबाहेर काढलेला असतो. एक मुखवटा उतरवून पाहिला की, त्या अनाम चित्रकारांचा हात किती निःशंक होता ते कळते. पर्युषणात पाटावर मांडलेले सूत्र पाहणारे आपण, त्या पानांकडे इतक्या जवळून क्वचितच पाहतो.

वयाचा मुद्दा उरतो. व्हॅन गॉगने चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८० साली, सत्ताविसाव्या वर्षी. आणि सुरुवात केली ती उसन्या आणलेल्या चार्ल्स बार्ग यांच्या नमुनाचित्रांच्या नकला करून. पूर्वी तो स्वतः चित्रांच्या व्यापारी पेढीत नोकरीला होता, आणि ती नमुनाचित्रे त्याच पेढीने छापलेली होती. आपले वय त्याच्या दुप्पट-अडीचपट आहे खरे. पण आपल्याला चित्रांवर पोट भरायचे नाही.

खर्चाचे म्हणाल, तर एक काळे पेन आणि दुकानात साठणारे पाठकोरे कागद पुरतात. प्रत्येक कागदावर तारीख मात्र टाकावी आणि तो फायलीत लावावा. तीन महिन्यांनी पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवून, सही ताडतात तसे, दोन्ही पाहावेत.