घरकुलाच्या अंगणातील नेत्रतपासणी आणि आपण

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी केला असून तेथे ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांतील कफज लिंगनाशास त्यांनी शस्त्रकर्म सांगितले आहे. प्राचीन वेधनकर्माची जागा आज कृत्रिम भिंगारोपणाने घेतली आहे. तथापि पिकलेला मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही, हे आपणच रुग्णास निःसंदिग्धपणे सांगावयास हवे.

महाड व पोलादपूर तालुक्यांत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. तरुण मंडळी मुंबई-पुण्यास आणि घरकुलात वृद्ध आईवडील, असे चित्र येथे सर्वत्र दिसते. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे, तर २२ जुलै २०२१ रोजी तळिये, केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर ज्यांना नव्या वसाहतीत जावे लागते, त्यांच्या दृष्टीचा विचार क्वचितच होतो. जुन्या घरात अंधुक दिसणारा वृद्ध सवयीने वावरतो. नव्या घरी प्रत्येक पायरी अनोळखी असते. ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून दृष्टिमांद्य दडून राहते आणि ते उघड होते पाय घसरून पडल्यावर.

तपासणीची रीत सोपी आहे. ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर; त्यात ६ मीटरचे सरळ अंतर सहसा मिळत नाही, म्हणून तक्ता अंगणात, चांगल्या उजेडात लावावा. निरक्षरांसाठी ‘ई’ चिन्हाचा तक्ता वापरावा. एक डोळा तळहाताने, न दाबता झाकून दुसरा तपासावा. ६/१८ ची ओळ न दिसल्यास पिनहोलमधून पाहावयास सांगावे. तेव्हा स्पष्ट दिसले तर बहुधा चष्म्याचा दोष होय. न दिसल्यास मोतीबिंदू, दृष्टिपटल वा अन्य विकाराच्या शंकेने नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. चाळिशीनंतर ४० सेंटिमीटरवरून जवळची दृष्टीही पाहावी. तांदूळ निवडणे, सुईत दोरा ओवणे यांतील अडचण विचारावी.

तक्ता उत्तम वाचणारा प्रत्येक जण निर्दोष असतोच असे नाही. काचबिंदू पुष्कळदा लक्षणांवाचून वाढतो. मधुमेहींचे दृष्टिपटल दृष्टी चांगली असतानाही दरवर्षी तज्ज्ञांकडून तपासले गेले पाहिजे. डोळा लाल होऊन तीव्र वेदना, दिव्याभोवती वलये, मस्तकशूल व वांती ही अधिमंथसदृश लक्षणे असल्यास, अथवा दृष्टी अकस्मात गेल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. भातकापणी-झोडणीत डोळ्यात कूस वा तूस गेल्यास मध, दूध किंवा उरलेले स्टिरॉइडचे थेंब घालू देऊ नयेत. बुबुळावरील व्रण त्याने बळावू शकतो.

२०१५-१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के मोतीबिंदूमुळे आढळले, म्हणजे बहुतांश टाळता येण्याजोगे. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. मग वृद्ध मागे का राहतो? सोबत कोण येणार, गुरांकडे कोण पाहणार, अलिबागपर्यंत जावे लागले तर कसे, हे त्याचे प्रश्न असतात. म्हणून चिठ्ठी देऊन आपले काम संपत नाही. गणपती-शिमग्याला चाकरमानी घरी येतात, तेव्हा मुलांशी बोलून शस्त्रक्रियेचा दिवस व सोबती ठरवून घ्यावा. एका वाडीतील तिघेचौघे मिळून पाठवावेत. परतल्यावर थेंब वेळेवर पडतात का, हे पाहण्यास पुन्हा त्या अंगणात जावे.

आमच्या मते शिबिराच्या वहीत ‘तपासले’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा : ‘दिसू लागले’. तपासणीचे यश त्या दुसऱ्या रकान्यावरूनच मोजावे.