यंत्राला श्रुतलेखन घालताना

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. त्यामुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे. त्याच्या कितीतरी आधी, शके १२१२ मध्ये, ज्ञानदेवांच्या निरूपणाचे लेखन सच्चिदानंदबाबांनी केले. समर्थांचा दासबोध कल्याणस्वामींच्या लेखणीतून उतरला असेही परंपरा सांगते. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे ही रीत मराठी वाङ्मयाला मुळीच नवी नाही. मात्र ह्या सर्व प्रसंगी जे सांगितले जात होते ते लोकांनी ऐकावे म्हणूनच सांगितले जात होते. आज लेखनिकाची जागा खिशातल्या यंत्राने घेतली आहे, आणि त्याला सांगावयाचा मजकूर पुष्कळदा असा असतो की तो शेजारच्या खुर्चीवर बसलेल्याने ऐकू नये. ह्या अडचणीतून वाट काढण्यासाठी कोणता माइक घ्यावा आणि तो कसा धरावा, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे.

आम्ही राहतो ते बेज्जूर प्राणहितेच्या अलीकडे आहे; नदी ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. २०१६ पर्यंत हे गाव आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. पत्त्यात मात्र आमच्या हातून अजून आदिलाबादच लिहिले जाते. ‘हातून’ हा शब्दही आता जपूनच वापरावा लागतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या उजव्या हाताच्या बोटांना कंप सुटला आणि चार ओळींपलीकडे अक्षर वाचता येईनासे झाले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगल कंपनीने बोलून लिहिण्याच्या आपल्या सोयीत मराठी आणि तेलुगू धरून आठ भारतीय भाषांची भर घातली होती, हे आम्हांला वाचून ठाऊक होते. गरज पडली तेव्हा ती विद्या आम्ही जवळ केली. आयुष्यभर मुलांना श्रुतलेखन घातले, आता उतारवयात यंत्राला घालू लागलो.

मुख्याध्यापकाला स्वतंत्र खोली असावी असे सर्वत्र मानले जाते. आमच्या वाट्याला जी खोली आली तीत चार टेबले, दोन कपाटे, एक पंखा आणि मधल्या सुट्टीत सात-आठ माणसे असतात. एके दिवशी एका विद्यार्थिनीच्या घरच्या परिस्थितीविषयी तिच्या मामांना पत्र लिहावयाचे होते. आम्ही यंत्र टेबलावर ठेवले आणि आमच्या समजुतीप्रमाणे हळू आवाजात मजकूर सांगितला. यंत्राला तो ऐकू गेला नाही म्हणून तो पुन्हा, थोडा मोठ्याने सांगितला. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गावात गेली होती. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. ह्यात दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हता. चारचौघांत बसून तिची गोष्ट बोलणारे आम्हीच होतो. त्या चार दिवसांनंतर आम्ही ह्या विषयाचा मनापासून अभ्यास केला.

येथे एक शब्दाचा प्रश्न. सभेच्या वृत्तांतात आपण ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द माइकलाही लावतो आणि कर्ण्यालाही लावतो. कर्णा आवाज फेकतो, माइक तो घेतो. तेव्हा माइकला ध्वनिग्राहक म्हणणेच सयुक्तिक. पण दुकानदाराला ध्वनिग्राहक मागितला तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहील, म्हणून पुढे लोकांच्या तोंडचा ‘माइक’ हाच शब्द ठेवला आहे.

कोणाला ऐकू जाऊ नये असे वाटले की माणूस प्रथम कुजबुजू लागतो. आम्हीही तेच केले, आणि यंत्राने जे लिहिले ते पाहून थक्क झालो. कारण शोधता ते आपल्या वर्णमालेतच सापडले. क आणि ग, ट आणि ड, त आणि द, प आणि ब ह्या जोड्यांत जिभेची किंवा ओठांची जागा एकच असते. भेद एवढाच की दुसऱ्या वर्णाच्या वेळी कंठातील स्वरतंतू कंप पावतात. व्याकरणात आपण ज्यांना अघोष आणि घोष म्हणतो ते हेच. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावतच नाहीत, नुसती हवा घासत जाते. म्हणजे घोष वर्णाचा घोषच नाहीसा होतो. मग गाडी आणि काडी, दार आणि तार, डाळ आणि टाळ, बाप आणि पाप ह्यांतील अंतर फार थोडे उरते. माणूस संदर्भाने ओळखतो. यंत्रही पुष्कळ वेळा ओळखते. पण आडनावे, गावांची नावे, वहीतले आकडे ह्यांना संदर्भ नसतो आणि तेथेच घात होतो. म्हणून पहिला नियम हा की कुजबुजू नये; आवाज खाली आणावा, पण त्यातील घोष शाबूत ठेवावा. देवघरात आजी पुटपुटते तसा तो आवाज असावा. गळ्यावर बोट ठेवले असता थरथर जाणवली तर समजावे की आपण योग्य रीतीने बोलत आहो.

आवाज खाली आणला की तो माइकपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न येतो, आणि येथे बहुतेक लोक चुकतात. ते अधिक ‘तीक्ष्ण कानाचा’ माइक शोधतात. टेबलावर उभा करावयाचा, ध्वनिमुद्रणाच्या कामाचा, किमतीने भारी असा माइक एका स्नेह्याने आम्हांला वापरावयास दिला. त्याने आमचा आवाज घेतला हे खरे. पण पंखाही घेतला, पटांगणावरची कवायतही घेतली. शेजारच्या टेबलावर चाललेले तेलुगू संभाषण तर मराठीचा वेष घेऊन आमच्या पत्रात उतरू लागले. यंत्राला मराठीच लिहिण्याची आज्ञा होती, बिचाऱ्याने कानावर पडलेल्या प्रत्येक ध्वनीला जवळचा मराठी शब्द शोधला!

खरा उपाय माइकच्या तीक्ष्णतेत नसून त्याच्या जवळीकीत आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा दाब स्थूलमानाने निम्मा होतो, म्हणजे ६ डेसिबलने उतरतो. तोंडापासून ४० सेंटीमीटरवर ठेवलेला माइक अडीच सेंटीमीटरवर आणला तर अंतर सोळा पटींनी कमी झाले. चार वेळा निम्मे, म्हणून चार वेळा ६, एकूण २४ डेसिबलचा लाभ. पंख्याचा आवाज मात्र दोन्ही ठिकाणी जवळजवळ तेवढाच राहतो. टेबलावरच्या माइकशी मोठ्याने बोलून जे साधते ते ओठांजवळच्या माइकशी हळू बोलून साधते, ते एवढ्याचसाठी. फुकट मिळणारा हा लाभ सोडून पैसे खर्च करण्यात शहाणपण नाही. म्हणून सभासदांना आमची विनंती आहे की काही विकत घेण्यापूर्वी हातातला मोबाइलच उचलून पाहावा. त्याचा माइक बहुधा खालच्या कडेला असतो. ती कड ओठांच्या कोपऱ्याशी दोन-तीन बोटांवर धरून बोलावे. निम्म्या लोकांचे काम येथेच भागेल असा आमचा अंदाज आहे.

‘कोपऱ्याशी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने विपुल आहेत. फ, भ, ध, ख उच्चारताना तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. प आणि ब उच्चारतानाही थोडा पडतो. माइक ओठांच्या अगदी समोर असला तर तो झोत त्याच्या पडद्यावर आदळून धप्प असा ध्वनी उठतो आणि अक्षर मोडते. माइक गालाच्या बाजूला, झोताच्या वाटेबाहेर ठेवला म्हणजे ही पीडा टळते. वर स्पंजाची टोपी असल्यास उत्तमच.

मोबाइल धरून हात अवघडतो. आमच्यासारख्या कंप सुटलेल्या हाताला तर ते शक्यच नाही. त्यावर डोक्यावर बसणारा, पुढे दांडी असलेला संच घ्यावा. दांडीच्या टोकाचा माइक एकदा लावला की जागा सोडत नाही, आणि आमच्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. ह्या संचांपैकी काहींचा माइक पुढून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. दूरचा गोंगाट पडद्याच्या दोन्ही अंगांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि परस्परांना खाऊन टाकतो. ओठांजवळचा आवाज एका अंगावर अधिक जोराने पडतो, म्हणून तो शिल्लक राहतो. ही योजना चांगली खरी, पण अट अशी की माइक तोंडाला अगदी लगत हवा. दांडी हनुवटीखाली वळवून ठेवणारे लोक ती व्यर्थ घालवतात.

तार असलेला संच घ्यावा की बिनतारी? कानात घालावयाच्या बिनतारी बोंडांचा मोह मोठा आहे. परंतु त्यांचा माइक कानाशी असतो, तोंडाशी नव्हे. उरलेले अंतर आतली गणितयंत्रणा भरून काढू पाहते आणि त्या भरात हळू आवाजाला गोंगाट समजून कापून टाकते. शब्दांचे आरंभ त्यात विशेष करून जातात. शिवाय ब्लूटूथवर बोलण्याची जी जुनी रीत आहे तीत सेकंदाला सुमारे ४००० कंपनांवरचे ध्वनी पोहोचतच नाहीत, आणि ‘स’ ह्या वर्णाचा जीव मुख्यतः त्याच्या वरच असतो. साल आणि शाल ह्यांत मग गोंधळ होतो. नवी रीत सुमारे ८००० पर्यंत जाते. ती संच आणि मोबाइल दोघांनाही येत असली तरच उपयोग. तारेच्या संचाला ही भानगड नाही. फक्त मोबाइलच्या भोकाकडे पाहून घ्यावे: गोल भोक असल्यास पिनेवर तीन कड्या असाव्यात, दोनच असतील तर तिला माइक नाही. गोल भोक नसल्यास टाइप-सी टोकाचा संच मागावा. सदऱ्याला लावावयाचा चिमट्याचा माइक व्याख्यानाला ठीक, पण तो छातीवर राहतो आणि कापड घासल्याची खरखर ऐकवतो. हळू आवाजाच्या कामी आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

गळ्याला पट्ट्याने बांधावयाचा माइक दुसऱ्या महायुद्धात वैमानिक आणि रणगाड्यांतील सैनिक वापरीत. तो हवेतला ध्वनी न घेता कंठाचा कंप घेतो, म्हणून बाहेर कितीही गोंगाट असो. हाच आपला तारणहार असे आम्हांला वाटले होते. परंतु स, श, त, क हे वर्ण जन्मतात तोंडात. गळ्याला त्यांची वार्ता फारशी नसते. आणि कुजबुजीत गळा कंपच पावत नाही, तेव्हा सगळेच संपले. ह्याहून आमच्या प्रश्नाला जवळची युक्ती अमेरिकेतील न्यायालयांत निघाली. १९४० नंतरच्या दशकात होरेस वेब ह्या गृहस्थांनी तोंडावर धरावयाचा, आत माइक असलेला मुखवटा तयार केला. साक्षीदार जे बोलेल ते वृत्तलेखकाने त्यात हळूच पुन्हा म्हणावयाचे. न्यायालयाला काही ऐकू जात नाही, मुद्रण मात्र होते. ह्या जातीचे मुखवटे अजून वापरात आहेत. गुप्ततेपुरते पाहिले तर ह्याच्या तोडीचे दुसरे साधन नाही. परंतु बंद पोकळीत आवाज घुमतो, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात तोंडावर मुखवटा धरून दोन पानी अहवाल सांगण्याची कल्पना ज्याने एकदा प्राणहितेच्या काठचा उन्हाळा पाहिला आहे त्यानेच करावी.

माइक नीट निवडला तरी बोलण्याची एक खोड राहतेच, आणि ती मराठीत विशेष घातक आहे. हळू बोलताना वाक्याच्या शेवटी श्वास संपत येतो आणि आवाज गळतो. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी, आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. ‘सदर विद्यार्थी गैरवर्तनात सामील होता असे आढळले नाही’ ह्या आमच्या वाक्यातील शेवटचा शब्द यंत्राने ऐकलाच नाही, आणि एका निरपराध मुलावर ठपका ठेवणारा कागद सहीसाठी आमच्यापुढे आला. सुदैवाने तो आम्ही वाचून पाहिला. तेव्हापासून आम्ही वाक्ये आखूड करतो आणि शेवटच्या शब्दावर मुद्दाम थोडा भर देतो. विचार करावयास थांबलो तर माइक बंद करतो, कारण शांतता पडली की पुष्कळशी यंत्रे आपली ग्रहणशक्ती आपोआप वाढवतात आणि तेवढ्यात खोलीतली कुजबूज टिपतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असावी. शेजाऱ्याच्या कानापासून वाचवलेला मजकूर यंत्र पुष्कळदा लिप्यंतरासाठी दूरच्या संगणकाकडे पाठवते. ज्या सोयीत हे काम मोबाइलमध्येच होते ती निवडता आली तर निवडावी.

संच विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा घेण्याची आमची रीत साधी आहे. एका सहकाऱ्याला चार हातांवर वर्तमानपत्र देऊन बसवावे आणि पंखा चालू ठेवावा. वर दिलेल्या गाडी-काडी, दार-तार अशा दहा जोड्या आणि ‘नाही’ने संपणारी पाच वाक्ये हळू आवाजात सांगावी. सहकाऱ्याला एखादा शब्द कळला तर त्याने बोट वर करावे. यंत्राच्या चुका आणि सहकाऱ्याची बोटे दोन्ही मोजावीत. दोन्ही आकडे लहान असतील तो संच घ्यावा. आम्ही तीन संच असे तपासले आणि शेवटी तारेचा, दांडीचा, सर्वांत स्वस्त असलेलाच ठेवला. तो डोक्यावर चढवला की खोलीतले तरुण शिक्षक आम्हांला ‘वैमानिक’ म्हणतात, ते आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे करतो.

मुलांच्या घरची पत्रे अजूनही त्याच खोलीत, त्याच टेबलावर होतात. मजकूर सांगताना नावाच्या जागी आम्ही ‘अमुक’ म्हणतो. कागद छापून आला की दार लोटून घेतो आणि तेवढे नाव लेखणीने भरतो. अक्षर वाकडे येते, पण वाचता येते.